करुणेची शिल्लक

बोस्टनचे वकील केनेथ श्वार्ट्झ १९९५ मध्ये कर्करोगाने निवर्तले. आजारपणात डॉक्टर-परिचारिकांच्या आपुलकीने किती धीर दिला, हे त्यांनी अखेरच्या दिवसांत लिहून ठेवले. पण ही आपुलकी देणाऱ्यांना धीर कोण देणार?

त्यांच्या नावाच्या संस्थेने १९९७ मध्ये रुग्णालयात बैठका सुरू केल्या. डॉक्टर, परिचारिका, इतर कर्मचारी एकत्र बसतात. तेथे उपचारांची चर्चा नसते. रुग्ण गेल्यावर मनात काय साचले, ते बोलले जाते. आपण या सेवेत का आलो, हेही त्यातून पुन्हा आठवते.

खात्यातून नित्य रक्कम काढली आणि भरणा केलाच नाही, तर शिल्लक संपणारच. करुणेचेही तसेच. घरातील परिचारिका रात्रपाळीहून परतली, की उपदेश न करता तिचे ऐकून घ्यावे. तोही भरणाच होय.