अमेरिकेचा कारभार कोण चालवतो?

अमेरिकेविषयी आपल्या समाजात दोन टोकाच्या भूमिका आढळतात. मुलगा-सून तिकडे स्थायिक झालेल्या घरांत अमेरिका म्हणजे रुंद रस्ते, स्वच्छता आणि डॉलर. व्यासपीठावरील भाषणांत मात्र ती भोगवादाची राजधानी असते. त्या देशाचा राज्यकारभार प्रत्यक्षात कसा चालतो, याविषयीचे अज्ञान दोन्हीकडे सारखेच आहे. तेथील राष्ट्राध्यक्षाने भारताची स्तुती केली की आपण हुरळून जातो. त्याने दोन कठोर शब्द उच्चारले की विश्वासघाताची ओरड होते. एका व्यक्तीच्या मर्जीवर सारा देश चालतो, हे यामागचे गृहीतक. नेमके तसे होऊ नये म्हणूनच त्या देशाच्या घटनाकारांनी १७८७ साली फिलाडेल्फियात जवळजवळ चार महिने खल केला होता.

ब्रिटिश राजसत्तेचे चटके सोसलेल्या त्या मंडळींनी सत्ता तीन ठिकाणी विभागली. कायदे करणे आणि तिजोरीच्या किल्ल्या सांभाळणे हे विधिमंडळाचे काम. त्याला ‘काँग्रेस’ म्हणतात. आपल्याकडील पक्षाशी त्याचे केवळ नामसाधर्म्य आहे. त्यातील प्रतिनिधिगृहाचे ४३५ सदस्य दर दोन वर्षांनी निवडले जातात, तर सिनेटमध्ये ५० राज्यांचे प्रत्येकी दोन सदस्य सहा वर्षांसाठी असतात. राष्ट्राध्यक्ष चार वर्षांसाठी येतो. त्याची निवड ५३८ निर्वाचकांच्या मतांनी होते. म्हणूनच २००० साली जॉर्ज बुश आणि २०१६ साली डोनाल्ड ट्रम्प, देशभरात प्रतिस्पर्ध्यापेक्षा कमी मते मिळूनही, विजयी ठरले. राष्ट्राध्यक्षाने नाकारलेले विधेयक दोन्ही सभागृहे दोन-तृतीयांश बहुमताने कायद्यात आणू शकतात. या दोहोंची कृती घटनेला धरून आहे की नाही, हे पाहणाऱ्या सर्वोच्च न्यायालयातील नऊ न्यायाधीशांना निवृत्तीचे वय नाही.

ही माहिती केवळ नागरिकशास्त्राच्या पुस्तकापुरती नाही. मे १९९८ मध्ये अटलजींच्या सरकारने पोखरणला अणुचाचण्या केल्या, तेव्हा क्लिंटन यांनी निर्बंध लादले. ते लादण्याचे बंधन काँग्रेसने १९९४ च्या कायद्याने घालून ठेवले होते. निर्बंधांतून सूट देण्याचा अधिकारही त्याच काँग्रेसने नंतर राष्ट्राध्यक्षाला दिला आणि २००१ साली बुश यांनी ते उठवले. जुलै २००५ च्या अणुसहकार्याच्या घोषणेचेही तसेच. ज्या हाइड कायद्यावरून भारतात रण माजले, त्यातील अटी डिसेंबर २००६ मध्ये वॉशिंग्टनच्या विधिमंडळातूनच आल्या. करारावर सिनेटची ८६ विरुद्ध १३ अशी अंतिम मोहोर उमटायला ऑक्टोबर २००८ उजाडले. दोन नेत्यांच्या हस्तांदोलनानंतर तीन वर्षे खरा खेळ सभागृहांत आणि त्यांच्या समित्यांत चालला होता.

ऑगस्ट २०२५ मध्ये ट्रम्प यांनी अनेक भारतीय वस्तूंवरील आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेले, तेव्हा एका माणसाचा लहरीपणा म्हणून त्याकडे पाहिले गेले. त्यासाठी त्यांनी आधार घेतला तो काँग्रेसनेच १९७७ साली केलेल्या आणीबाणीविषयक कायद्याचा. त्या कायद्याने असे शुल्क लादण्याचा अधिकार मिळत नाही, असा निर्णय त्याच महिन्यात एका संघीय अपील न्यायालयाने दिला. त्या न्यायालयात राष्ट्राध्यक्षाला खेचणारे होते अमेरिकेतीलच लहान व्यापारी आणि काही राज्ये.

ही व्यवस्था ओळखणाऱ्यांनी तिचा उपयोगही करून घेतला आहे. १९२३ साली सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क नाकारला. न्यायालयाचे दार बंद झाल्यावर तेथील भारतीयांनी विधिमंडळाचे दार ठोठावले आणि १९४६ साली कायदा बदलला. त्या लढ्यात उतरलेले दलीपसिंग सौंद दहा वर्षांनी कॅलिफोर्नियातून प्रतिनिधिगृहावर निवडून आले. आजच्या स्थलांतरित पिढीने हा धडा विसरता कामा नये.

अभ्यास म्हणजे अनुकरण नव्हे. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत या पद्धतीची चिकित्सा केली. अमेरिकी पद्धतीत स्थैर्य अधिक, तर संसदीय पद्धतीत उत्तरदायित्व अधिक, हे तोलून त्यांनी उत्तरदायित्वाच्या बाजूने कौल दिला. आधी जाणून घ्यायचे, मग घ्यायचे की टाकायचे ते ठरवायचे, ही त्यांची रीत होती.

विश्वगुरू होण्याची आकांक्षा बाळगणाऱ्या समाजाला जगाविषयी अडाणी राहून चालणार नाही. कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गांत इतिहासाइतकेच स्थान अशा विषयांना मिळाले पाहिजे. परदेशी असलेल्या मुलांशी रविवारी फोनवर बोलताना हवापाण्याबरोबर तेथील सिनेट आणि राज्यांच्या विधिमंडळांविषयीही विचारपूस व्हावी. राष्ट्रे मैत्री करतात ती आपापल्या हितासाठी. ते हित कोणत्या सभागृहात, कोणत्या कायद्याने आणि किती मतांनी ठरते, हे ज्याला ठाऊक असते, तो स्तुतीने फुगत नाही आणि धमकीने खचत नाही.