पेशी कोणाच्या? वय किती?

मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ नव्हे, हे वाक्य बालरोगशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या कानी पडते. त्याची किंमत मात्र बालकांनी मोजली आहे. १९५९ साली अमेरिकेत क्लोरॅम्फेनिकॉल दिलेली काही नवजात बालके राखेसारखी करडी पडून दगावल्याचे वृत्तांत प्रसिद्ध झाले. हे औषध निष्प्रभ करण्याची क्षमता त्यांच्या यकृतात पुरेशी आलेलीच नव्हती. आजही प्रौढांची गोळी कुटून वजनाच्या हिशेबाने पुड्या बांधून देण्याची वेळ माझ्यावर येते, तेव्हा मन साशंक होते.

औषधाची पहिली परीक्षा बहुधा प्लॅस्टिकच्या सपाट बशीतील पेशींवर होते. शरीरात मात्र पेशी मऊ, ओलसर, त्रिमितीय जाळ्यात परस्परांच्या आधाराने नांदतात. यकृताची पेशी कठीण प्लॅस्टिकवर ठेवली, तर थोड्याच दिवसांत ती औषध पचविण्याचे आपले काम विसरू लागते. अशा पेशीची साक्ष कितपत ग्राह्य मानावी?

म्हणूनच ऊतीइतक्या मऊ जेलमध्ये पेशी वाढविण्याची पद्धत मला महत्त्वाची वाटते. नेदरलँड्समधील हान्स क्लेव्हर्स यांच्या गटाने २००९ मध्ये उंदराच्या मूलपेशीपासून आतड्याची सूक्ष्म प्रतिकृती घडविली. २०१३ पर्यंत सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांच्या ऊतीपासून तशाच प्रतिकृती करून त्यांवर औषधाचा परिणाम मोजता येऊ लागला. भारतानेही २०२३ मध्ये नवीन औषधांच्या नियमांत दुरुस्ती करून अशा चाचण्यांना स्थान दिले.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. प्रचलित जेल उंदराच्या अर्बुदापासून काढतात, त्यामुळे प्रत्येक खेपेचा गुण सारखा नसतो. शिवाय बशीतील प्रतिकृती म्हणजे संपूर्ण शरीर नव्हे. परंतु माझा मुख्य आक्षेप निराळाच आहे. अंथरूण कितीही मऊ केले, तरी त्यावर निजविलेली पेशी प्रौढाची असेल, तर उत्तरही प्रौढाचेच मिळणार. मूलपेशींपासून केलेल्या यकृतपेशी तर बहुधा गर्भातल्यासारख्या अपरिपक्वच राहतात. नवजात, रांगते आणि शाळकरी मूल यांचे उत्तर त्यांतून कसे मिळावे?

येथे आपण वैद्यक व्यावसायिक काही करू शकतो. बालकांच्या शस्त्रक्रियेत निघालेली ऊती तपासणीनंतर उरली, तर ती टाकून न देता, नैतिकता समितीच्या मान्यतेने आणि आईवडिलांच्या समजून दिलेल्या संमतीने, वयाच्या नोंदीसह संशोधनास द्यावी. आईवडिलांशी हे बोलण्यास दहा मिनिटे पुरतात. चुकीच्या मात्रेची परीक्षा बाळाच्या अंगावर होण्यापेक्षा ती बशीत झालेली बरी.