जुनी बॅटरी भंगारात घालायच्या आधी

मंडळी, ही पोस्ट राजकारणावर नाही, त्यामुळं लाईक कमी पडणार हे माहीत आहे. तरी शेवटपर्यंत वाचा. बॅटरी म्हणजे आपण टॉर्चला म्हणतो ती. (पुण्या-मुंबईला गेलेल्या आपल्या पोरांसाठी खुलासा.)

आपल्याकडं शेतीची थ्री फेज लाईट पाळीनं येते. रात्रपाळी आली की माणूस दारं धरायला चिखलात उतरतो. दिवसा वीज द्यायची म्हणून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ ला आली, २०२३ ला तिचं २.० आलं. ज्यांच्या फीडरवर दिवसाची लाईट आली त्यांचं चांगलं झालं. बाकीच्यांच्या हातात अजून बॅटरीच आहे. आणि दिवाळीच्या आसपास केज, धारूर, वडवणीकडून ज्या टोळ्या ऊसतोडीला जातात, त्यांचं काय? पहाटे अंधारात फडात शिरायचं, रात्री-अपरात्री गाडी भरायची, कोपीत लेकरं झोपलेली.

देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली, असा अभ्यास सांगतो. त्यातले निम्मे मृत्यू पावसाळ्यातले. मण्यार रात्रीच बाहेर पडते, घोणस पाचोळ्यात दिसतसुद्धा नाही. पाय टाकायच्या आधी दोन हात पुढचं दिसणं, एवढाच काय तो बचाव.

आता आपण काय विकत घेतो ते बघा. बाजारात दीड-दोनशे रुपयाला चार्जिंगची प्लास्टिकची बॅटरी मिळते, मागून दोन पिना बाहेर येणारी. अशा बऱ्याच बॅटऱ्यांत ४ व्होल्टची शिशाची छोटी बॅटरी असते. ती पार उतरेपर्यंत वापरली आणि तशीच महिनाभर पडू दिली की कायमची जाते. हंगाम संपला, कोपी मोडली, बॅटरी पोत्यात गेली, पुढच्या वर्षी मेलेली निघाली. एलईडी ठणठणीत, पण अख्खी वस्तू उकिरड्यावर, आणि त्यातलं शिसं आपल्याच मातीत. यावर इलाज साधा आहे: वापर नसला तरी महिन्यातून एकदा चार्ज करा. आणि एक जपून ठेवा, स्वस्तातल्या अशा चार्जरमध्ये सहसा ट्रान्सफॉर्मर नसतो, एका कपॅसिटरवर भागवलेलं असतं. म्हणजे पिना बोर्डात असताना आत २३० व्होल्ट खेळत असतात. त्या अवस्थेत ती उघडली तर साप परवडला.

त्यापेक्षा माळ्यावर पडलेली आजोबांची तीन सेलची पत्र्याची बॅटरी खाली काढा. तिचा जुना तारेचा बल्ब साधारण ३०० मिलिअँपिअर खातो आणि त्यातलं बहुतेक उष्णतेतच घालवतो. साधा ५ मिलिमीटरचा पांढरा एलईडी २० मिलिअँपिअरवर चालतो. तीन लावले तरी ६० झाले. म्हणजे त्याच सेलवर चार-पाच पट जास्त वेळ उजेड. एकच लावला तर उजेड कमी पडेल, हे आधीच सांगतो. शेतात जायचं तर तीन लावा.

पद्धत अशी. गेलेला बल्ब फडक्यात गुंडाळून काच फोडायची, बूड साफ करायचं. एलईडीचा लांब पाय प्लस, आखूड पाय मायनस. नेहमीच्या बॅटरीत सेलचं टोपण बल्बच्या मधल्या टोकाला टेकतं, म्हणून लांब पाय रेझिस्टन्समधून मधल्या टोकाला आणि आखूड पाय बुडाच्या पत्र्याला सोल्डर करायचा. जुन्या बल्बला उलटसुलट चालायचं, एलईडीला चालत नाही. पेटला नाही तर आधी हेच तपासा. तीन एलईडी असतील तर प्रत्येकाला स्वतःचा वेगळा रेझिस्टन्स, नाहीतर एकच सगळा करंट ओढून बसतो. दोन सेलच्या बॅटरीत मात्र हे जमत नाही. पांढऱ्या एलईडीला तीन व्होल्टच्या वरच लागतात, तो मिणमिणतो. तिथं व्होल्टेज वाढवणारं छोटं सर्किट घालावं लागतं.

रेझिस्टन्स किती घ्यायचा? तीन सेलचे साडेचार व्होल्ट, एलईडीला लागतात ३.२. उरले १.३. त्याला ०.०२ अँपिअरनं भागा, ६५ ओहम. दुकानात ६८ चा मिळतो. झालं.

आणि इथंच माझं खरं दुखणं आहे. हा ओहमचा नियम आपल्या पोरांना नववीच्या विज्ञानात आहे. पोरं गणित सोडवतात, मार्क घेतात, आणि बापाची बॅटरी बिघडली की नवी आणायला बाजारात जातात. निळ्या एलईडीच्या शोधाला २०१४ चं नोबेल मिळालं, हे सामान्यज्ञानाला पाठ. त्याच निळ्यावर पिवळा लेप दिला की पांढरा उजेड होतो, हे हातात घेऊन कुणी दाखवलेलं नाही.

कुणी म्हणेल, दोनशे रुपयासाठी एवढी खटपट कशाला? ज्याला दोनशे किरकोळ वाटतात त्यानं खुशाल नवी घ्यावी. उचल घेऊन गेलेल्या जोडप्याला दर हंगामात दोन बॅटऱ्या म्हणजे काय, हे त्यांना विचारा. सरकारनं २०२२ ला दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं, चांगलं केलं. पण ते नाव असलेल्या कंपन्यांसाठी. आपल्या बाजारातल्या बॅटरीवर धड कंपनीचं नाव नसतं, तिची तक्रार कुणाकडं करणार?

म्हणून मागणी छोटी आहे. दसऱ्याच्या आधीचा एक रविवार. तालुक्यातल्या हायस्कूलांनी विज्ञानाची खोली उघडावी, आयटीआयच्या इलेक्ट्रिशियन ट्रेडची पोरं बोलवावीत, टोळीला निघालेल्या माणसांनी घरातल्या बंद बॅटऱ्या आणाव्यात. नववीच्या पोरांनी हिशोब करावा, आयटीआयच्या पोरांनी डाग द्यावा. खर्च एका बॅटरीमागं दहा-वीस रुपये, तो ग्रामपंचायतीला जड नाही. निवडणुकीत आपण बॅनरवर किती घालवतो ते सगळ्यांनी बघितलंय.

ज्यांच्या घरी सोल्डरिंग गन आहे आणि एक रविवार द्यायची तयारी आहे, त्यांनी खाली फक्त गावाचं नाव लिहा. शिक्षक मंडळींनी शाळेचं लिहा. यादी झाली की मी स्वतः मुख्याध्यापकांना भेटतो.