पुन्हा नाव विचारणारी परिचारिका

रुग्णालयातील परिचारिका सकाळी औषध देताना रुग्णाला त्याचे नाव विचारते, दुपारी विचारते आणि सायंकाळी पुन्हा विचारते. “अहो ताई, तीन दिवस याच खाटेवर आहे; अजून नाव ठाऊक झाले नाही काय?” असे म्हणून आजोबा रागावतात आणि भोवतालचे आप्त हसतात. आमच्या मते हा राग अनाठायी आहे, आणि ते हसणे त्याहून अनुचित आहे.

योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ या पाच गोष्टी पडताळल्यावाचून औषध देऊ नये, असे परिचारिकांना शिकविले जाते. शेजारच्या दोन खाटांवर दोन कुलकर्णी असू शकतात. दोन औषधांच्या नावांत एखाद्याच अक्षराचा भेद असू शकतो. अशा ठिकाणी केवळ स्मरणावर विसंबणे हे कौशल्य नसून अविचारी साहस होय.

मात्रेचेच उदाहरण घ्या. आपल्या देशात इन्सुलिनच्या कुप्या दोन प्रकारच्या मिळतात. एकीत दर मिलिलिटरला ४० एकके असतात, दुसरीत १००. दोहोंच्या सिरिंजाही निराळ्या. पहिलीचे टोपण तांबडे, दुसरीचे नारिंगी. १०० एककांचे इन्सुलिन तांबड्या टोपणाच्या सिरिंजेत नेहमीच्या खुणेपर्यंत भरले, तर शरीरात अडीचपट मात्रा जाते. रक्तातील साखर एकाएकी उतरून रुग्ण बेशुद्ध पडतो, प्रसंगी प्राणासही मुकतो.

हा धोका रुग्णालयाच्या भिंतींआडच राहतो असे नाही. आपल्या घरात मराठी, बाजारात हिंदी आणि औषधाच्या वेष्टनावर इंग्रजी, अशी आपली स्थिती. त्यामुळे आजीच्या गोळ्यांची नावे वाचण्याचे काम पुष्कळदा शाळकरी नातवंडांवर येते. त्या वेळी तीच परिचारिका असतात! म्हणून अंदाजाने वाचू नये. शंका आल्यास औषधविक्रेत्यास वा डॉक्टरांस विचारावे. पातळ औषध स्वयंपाकघरातील चमच्याने न देता सोबतच्या मापानेच द्यावे, कारण घरोघरचे चमचे सारखे नसतात.

आता थोडे चुकीविषयी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली औषधोपचारातील टाळता येण्याजोगी गंभीर हानी पाच वर्षांत निम्म्यावर आणण्याचे आवाहन सर्व देशांना केले. हे केवळ दंडाने साधेल काय? आपली चूक तत्काळ सांगणाऱ्या परिचारिकेचा सर्वांसमक्ष अपमान झाला, तर पुढील चूक कोणीही सांगणार नाही. आणि ज्या घटकेत उपाय करून रुग्ण वाचला असता, ती घटका मौनात निघून जाईल.

“धाक नसेल तर निष्काळजीपणा माजेल,” असा आक्षेप कोणी घेतील. त्यात तथ्य आहे. जाणूनबुजून नियम मोडणाऱ्यास शासन झालेच पाहिजे. परंतु एकटीने अनेक रुग्णांची शुश्रूषा करून थकलेल्या हातून झालेली चूक आणि बेपर्वाई यांत भेद करणे हाच न्याय होय. चूक सांगणारीला अभय द्यावे, आणि चूक ज्या कारणाने घडली ते कारण दूर करावे.

विद्यार्थिमित्रांनो, उद्या तुमच्यापैकी काही जण हे सेवाव्रत स्वीकारतील. आजारी आप्ताच्या उशाशी तर सर्वांनाच बसावे लागेल. परिचारिकेने पुन्हा नाव विचारले, तर ते आदराने आणि पूर्ण सांगा. तो प्रश्न तुमच्या माणसाच्या प्राणांची राखण करीत असतो.