प्रभागाची रेघ कोण ओढणार?

मताचा हक्क काय असतो, हे आपल्या समाजाला नव्याने सांगण्याची गरज नाही. पण ते मत कुठल्या प्रभागात टाकायचे, ही रेघ कोण ओढतो, याकडे चळवळीचे लक्ष नेहमी उशिरा जाते.

संविधानाच्या मूळ मसुद्यात संसदेसाठी एक आणि राज्यांसाठी वेगळे निवडणूक आयोग होते. १५ जून १९४९ रोजी बाबासाहेबांनी संविधान सभेत ही तरतूद बदलून सर्वांसाठी एकच आयोग मांडला. वंशाने, संस्कृतीने किंवा भाषेने वेगळ्या असलेल्या लोकांना काही प्रांतांत मतदारयादीबाहेर ठेवले जात आहे, हे कारण त्यांनी दिले होते. सत्ताधाऱ्याच्या हाती निवडणूक दिली की पहिला बळी अल्पसंख्याकाचा जातो, हे त्यांनी ओळखले होते.

स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी ७३ व ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून राज्य निवडणूक आयोग आला. मतदारयादी आणि निवडणुकीचे संचालन त्याच्याकडे गेले. मात्र प्रभागरचनेचा उल्लेख त्या कलमांत नाही आणि निवडणुकीबाबत कायदे करण्याची मुभा विधिमंडळाला आहे. ही फट महाराष्ट्राने मार्च २०२२ मध्ये वापरली. दोन्ही सभागृहांनी एकमताने कायदा करून प्रभाग पाडण्याचा अधिकार आयोगाकडून शासनाकडे घेतला. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष इथे बरोबर एक झाले!

४ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जुन्या रचनेवर निवडणुका पुढे नेण्यास सांगितले. पुढे ओबीसी आरक्षण आणि प्रभागसंख्या यांचे वाद वाढत गेले. महापालिकेची मुदत पाच वर्षे, त्याहून अधिक नाही, असे संविधान सांगते. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झालीच पाहिजे, असे २००६ मध्ये किशनसिंग तोमर खटल्यात घटनापीठाने बजावले होते. तरी मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली आणि मतदान झाले १५ जानेवारी २०२६ रोजी. मधली जवळजवळ चार वर्षे प्रशासकाचे राज्य! वस्तीच्या नळाचा, गटाराचा प्रश्न घेऊन कोणाकडे जायचे होते? ऑगस्ट २०२५ मध्ये तर प्रभागरचना हा राज्याचाच अधिकार, असे न्यायालयाने म्हटले.

या अधिकाराचा वापर कसा होतो ते पाहा. मुंबई सोडून इतर महापालिकांत २००७ मध्ये एक सदस्याचा प्रभाग, २०१२ मध्ये दोनचा, २०१७ मध्ये चारचा. २०२१ मध्ये तीनचा ठरला, सरकार बदलताच २०२२ मध्ये पुन्हा चारचा. मुंबईत २२७ चे २३६ झाले आणि पुन्हा २२७. लोकसंख्या २०११ च्याच जनगणनेची. बदलली ती फक्त सत्ता.

चार सदस्यांच्या प्रभागात अनुसूचित जातीची राखीव जागा असते, पण तिला मत देतो तो सगळा प्रभाग. प्रभाग जितका मोठा, तितके आपल्या वस्तीचे मत पातळ. मग राखीव जागेवर समाजाला हवा तो नव्हे, पक्षाच्या पॅनलला चालेल तो निवडून येतो. पुणे कराराचे दुखणे गल्लीपर्यंत आणण्याचीच ही युक्ती आहे.

आमची मागणी स्पष्ट आहे. प्रभागरचनेचा अधिकार कायद्याने राज्य निवडणूक आयोगाकडे परत द्या आणि सदस्यसंख्या प्रत्येक सरकारागणिक बदलू नका.

मागणीवर थांबूनही चालणार नाही. २०२७ च्या जनगणनेनंतर रेघा पुन्हा ओढल्या जातील. अंतिम रचना जाहीर झाली की न्यायालयाचे दार जवळजवळ बंद होते. संविधानाचे कलम २४३ झेडजी तसे सांगते. लढाईची जागा म्हणजे प्रारूप आराखड्यावरील हरकती आणि सूचनांचे ते मोजके दिवस. प्रत्येक वस्तीतील कार्यकर्त्यांनी आपला नकाशा, प्रगणक गट आणि लोकसंख्येचे आकडे आजच गोळा करावेत. वस्ती दोन प्रभागांत फाडली गेल्यावर मोर्चा काढून ती जोडता येत नाही.