फॅक्टर ऑफ सेफ्टी आणि चौदा वर्षांचा हात

बेसबॉल म्हटलं की आपल्या हॉस्टेलमध्ये पहिला प्रश्न येतो, "ते अमेरिकावाल्यांचं ना?" मित्रहो, शिरूर-दौंडकडची पोरंही खेळतात! शालेय क्रीडा स्पर्धांच्या यादीत बेसबॉल आणि सॉफ्टबॉल दोन्ही आहेत. खेळात पुढे गेलं की दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. एवढं कळल्यावर कुठला बाप पोराला नाही म्हणेल? गुणांसाठी खेळणं वाईट, असं माझं मुळीच मत नाही. माझा आक्षेप तयारीवर आहे.

माझा मावसभाऊ घोडनदीकडच्या एका शाळेचा पिचर आहे, वय १४. तिथे टीम जमते स्पर्धेच्या आधी तीन आठवडे. मग एका दिवसात दोन मॅच, आणि दोन्हींत बॉल टाकणार हाच, कारण "याचाच हात जोरात चालतो". किती टाकले ते कुणी मोजत नाही. रात्री मावशी कोपराला बाम चोळत बसते आणि सकाळी पोरगं परत मैदानावर.

आता जरा आपल्या एस.ओ.एम.च्या भाषेत बोलू. मोठ्या, तयार पिचरच्या कोपरावर एका थ्रोला साधारण ६४ न्यूटन-मीटर टॉर्क येतो. कोपराच्या आतल्या बाजूचा जो लिगामेंट तो झेलतो, तो प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत ३२-३३ च्या आसपासच तुटला होता. म्हणजे नुसत्या लिगामेंटचा फॅक्टर ऑफ सेफ्टी निघतो अर्धा! असं डिझाईन दाखवलं तर सर व्हायवातून हाकलून देतील. तरी हात तुटत नाही, कारण बाकीचा भार आजूबाजूचे स्नायू घेतात. ते थकले की सगळं त्या दोरीवर येतं. आणि चौदाव्या वर्षी तर हाडांची वाढीची टोकंसुद्धा कच्चीच असतात.

म्हणून अमेरिकेत २०१४ साली मेजर लीगने नियमावली काढली. १३-१४ वर्षांच्या मुलाने दिवसाला जास्तीत जास्त ९५ बॉल टाकायचे. ६६ च्या वर गेले तर ४ दिवस विश्रांती, आणि वर्षातले किमान ४ महिने पिचिंग पूर्ण बंद. याला लागतं काय? एक वही आणि एक पेन.

ताकदीचं म्हणाल तर आपल्याकडे तालमी आहेत की! बैठका बेस्ट, कारण बॉलचा वेग पायांतून आणि कमरेतून येतो, हात फक्त शेवटचा डबा. जोरही चांगले, पण नुसते जोर मारले तर छाती आणि खांद्याची पुढची बाजूच तयार होते. फेकलेला हात थांबवतात ते खांद्यामागचे आणि पाठीचे स्नायू. म्हणजे इंजिन मोठं, ब्रेक सायकलचे! त्यासाठी ओढण्याचे व्यायाम पाहिजेत : दोरावर चढणं, सिंगल बार, दोरीचा मल्लखांब. हे सगळं वर्षभर, आठवड्यातून दोन-तीनदा, कुणाच्या तरी देखरेखीखाली. "व्यायामाने उंची खुंटते" असं सांगणारे काका प्रत्येक गावात असतात; अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने हे केव्हाच खोडून काढलंय.

२००८ मध्ये उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोन भालाफेकपटू एका टीव्ही शोमधून निवडले गेले आणि त्याच वर्षी पिट्सबर्ग पायरेट्सने त्यांना करारबद्ध केलं. त्यावरचा 'मिलियन डॉलर आर्म' हा पिक्चर आपण लॅपटॉपवर पाहिलाय. पिक्चर संपल्यावरचं कुणी सांगत नाही : २०१३ चा अख्खा मोसम रिंकूने दुखापतीत घालवला आणि २०१८ मध्ये तो डब्ल्यूडब्ल्यूईच्या कुस्तीत गेला. तिथे सगळ्या सोयी होत्या, तरी हे झालं. आपल्या माळावर तर फिजिओ नाहीच, नुसता बाम!

हॉस्टेलमध्ये शिरूर, दौंड, केडगावकडचे बरेच जण आहोत. पुढच्या सुट्टीत गावाकडे स्पर्धा असेल तर बाउंड्रीवर नुसत्या शिट्ट्या मारू नका. वही घेऊन बसा, प्रत्येक बॉलला एक रेघ ओढा, आणि ९५ वी रेघ झाली की उठून पी.टी.च्या सरांना दाखवा. सर चिडतील. तरी दाखवा.

– टी. ई. मेकॅनिकल