स्पर्धा की पंक्तिप्रपंच?

अमेरिकन कॉलेज बास्केटबॉल मी वर्षानुवर्षं बघतोय, म्हणून स्पष्टच बोलतो. २३ डिसेंबर १९८२. होनोलुलूत शॅमिनाड या चिमुकल्या कॉलेजने देशात पहिल्या क्रमांकावर असलेल्या व्हर्जिनियाला ७७-७२ हरवलं. समोर सात फूट चार इंचांचा राल्फ सॅम्पसन होता राव! त्या विजयातूनच १९८४ साली माउई इन्व्हिटेशनल उभी राहिली. लाहायनातलं सभागृह जेमतेम २,४०० खुर्च्यांचं.

२०२४ पासून लास वेगासची प्लेयर्स एरा प्रत्येक संघाच्या खेळाडूंसाठी दहा लाख डॉलर मोजते. बडे संघ तिकडेच वळणार. पोरांना पैसा मिळायलाच हवा, त्यात दुमत नाही. पण पुढच्या शॅमिनाडला तिथे दारात तरी उभं करतील का? पान फक्त बड्यांसाठीच मांडणार असाल, तर त्याला स्पर्धा म्हणू नका. तो पंक्तिप्रपंच आहे.